मारुतीचा प्रसाद, रोज सकाळी एक

माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात, औषधाच्या खिडकीमागे उभं राहण्यात गेली. लोक खिडकीतून हात आत घालतात, गोळ्या घेतात आणि तुमचं तोंडही न बघता निघून जातात. निवृत्त झाले तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं की आता जन्मात कुणाला 'जेवणानंतर' हा शब्द सांगायचा नाही. ते काही महिने टिकलं. मग संग्रामपूरकडच्या एका गावातल्या मारुती संस्थानाचे अध्यक्ष घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "बाई, आमी मोफत दवाखाना काढला. डॉक्टर शनिवारी येते. गोळ्या बी हायेत. फक्त कोन्ती गोळी कायची हाये, थे सांगनारं कोनी नाई."

मला हसू आलं आणि रागही आला. रागच जास्त. माझ्या माहेरी, देऊळघाटला, अजून सांगतात की ही पोरगी पाळण्यात होती तेव्हापासून भांडते आहे. पण पुढच्या शनिवारी मी गेले.

देऊळ चांगलं ऐसपैस. पुढे सभामंडप, बाजूला लिंब, मागे भक्तनिवासाच्या खोल्या. त्यातली एक डॉक्टरला आणि एक मला. माझ्या खोलीत शिरले आणि तिथेच थबकले. पुण्या-मुंबईला गेलेल्या भक्तांनी घरातली उरलीसुरली औषधं खोक्यांत भरून पाठवली होती. अर्ध्या खाल्लेल्या पाकिटांपासून खोकल्याच्या उघड्या बाटल्यांपर्यंत सगळा ढीग. कुणाच्या तरी कुत्र्याचं जंताचं औषधही त्यात होतं. अध्यक्ष मोठ्या अभिमानाने मागे उभे.

त्यांचा एक आवडता मुद्दा होता. लोकांपर्यंत औषध पोचवणारा पहिला देव मारुती, हे ते येईल त्याला सांगत. मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "खरं आहे भाऊ. पण त्याला मुळी ओळखता आली नाही म्हणून अख्खा डोंगर उचलून आणावा लागला. तुमचंही तेच झालंय."

ते मनापासून हसले. माणूस चांगला होता. फक्त हातात माइक आला की त्यांना थांबता यायचं नाही, एवढाच दोष.

डोंगर उपसायला मला कित्येक शनिवार लागले. मुदत संपलेली औषधं वेगळी काढली तेव्हा कमिटी पेचात पडली. कारण संस्थानाची एक रीत होती. औषधाचं कुठलंही खोकं आलं की ते आधी मारुतीच्या पायाशी ठेवायचं, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, मग कपाटात. आता देवाच्या पायाशी ठेवलेली वस्तू कचऱ्यात कशी टाकायची? वाण नदीत विसर्जन करू, असं एका सभासदाने सुचवलं. मी इतकी ओरडले की लिंबावरचे कावळे उडाले. शेवटी ती सगळी औषधं नष्ट करायला रीतसर तालुक्याला पाठवली, पण जाताना अध्यक्षांनी खोक्यांना नमस्कार केला आणि मलाही करायला लावला.

त्यानंतर मी शिस्त लावली. दानपेटीतल्या पैशांतून खामगावच्या ठोक दुकानातून नेमकी लागतील तीच औषधं आणायची, बीपी-शुगरची जास्त. रीत मात्र तशीच राहिली. माझं कपाट उघडलं की आधी शेंदराचा आणि तेलाचा वास यायचा. मी त्याकडे दुर्लक्ष केलं. शेंदराने गोळी बिघडत नाही, असं मला वाटलं.

रांगेत नेहमी पहिली उभी असायची ती एक आजी. वयाने माझ्याहून फार मोठी नव्हती, पण गावाने तिला आजी करून टाकलं होतं, म्हणून मीही आजीच म्हणते. बुटकी, बोलकी, डोक्यावर पदर घट्ट. तिचा बीपी एवढा की आमचा तरुण डॉक्टर दोनदोनदा यंत्र झटकून बघायचा. त्याने गोळी लिहून दिली, मी दिली, 'रोज सकाळी एक' असं बजावून सांगितलं. महिन्याने आली, बीपी तिथेच.

"आजी, गोळ्या संपल्या का?"

"हाव तं! येक बी ठेवली नाई."

"रोज घेत होता?"

"रोज. आंघोळ केल्याबिगर हात बी नाई लावला मी."

डॉक्टरने गोळी वाढवली. पुढच्या महिन्यात बीपी तिथेच. त्याने दुसरी गोळी जोडली. आजी आनंदाने दोन्ही पाकिटं पदरात बांधून गेली आणि महिन्याने तसाच बीपी घेऊन परत आली. डॉक्टरचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, असंच राहिलं तर एखाद्या दिवशी लकवा मारेल त्यांना. तोंड वाकडं होऊन घरात पडून राहतील. मला काही समजत नाहीये." मग जरा घुटमळून म्हणाला, "तुमच्या गोळ्या नक्की चांगल्या आहेत ना?"

आता हे मला लागलं. खामगावच्या त्या दुकानदाराला मी माझ्या नोकरीपासून ओळखत होते. मी डॉक्टरला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण घरी येऊन मला जेवण गेलं नाही. आजीचं वाकडं झालेलं तोंड डोळ्यांपुढून हलेना. आणि समजा गोळ्याच खोट्या असतील, तर रांगेतल्या बाकी लोकांचं काय?

कोडं सोडवलं ते आजीच्या शेजारी राहणाऱ्या गुरुजींनी. हे निवृत्त शिक्षक, बौद्ध, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं शाळेच्या पुस्तकातलं. शुगरच्या गोळ्या ते आमच्याकडून नेत, पण सभामंडपात प्रसादाचं ताट पुढे आलं की हात जोडून "नको" म्हणत. याचं कुणाला कधी वाईट वाटल्याचं मी पाहिलं नाही. तर ते एका शनिवारी माझ्या टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, आमच्या आळीत चकरा येण्याची साथ सुरू आहे."

"म्हणजे?"

"आजीची सून परवा चुलीपुढे बसता बसता आडवी झाली. समोरच्या घरातल्या बाईचे पाय सुजले. त्यांचा जावई लेकीला न्यायला आला होता, तो मोटरसायकलला किक मारता मारता खाली बसला. पाणी तपासून आणलं, पाण्यात काही नाही. संपूर्ण आळीत फक्त मी ठणठणीत आहे. मी फार विचार केला. माझ्यात आणि त्यांच्यात काय फरक आहे? मी प्रसाद खात नाही."

मी हातातलं काम तसंच टाकलं आणि त्यांच्यामागे आळीत गेले.

आजी देवघरापुढे बसली होती. समोर पितळी वाटी. वाटीत साखर, फुटाणे आणि त्यात माझ्या बीपीच्या गोळ्या, अडकित्त्याने नीट अर्ध्या केलेल्या. मला बघून तिला एवढा आनंद झाला की लगेच चिमूटभर उचलून माझ्या हातावर ठेवली.

"घ्या बाई, मारुतीचा परसाद."

"आजी, हे औषध आहे!"

"हाव, औषधच हाये. देवाच्या पायापाशी ठेवेल हाये न? मंग येकटीनं कशी खाऊ? घरात पाचसा मानसं, शेजारपाजार, पाव्हना आला तं त्याले बी द्या लागते. पह्यले पुरत नोतं. डॉक्टर बिचारा समजदार, त्यानं वाढून देल्ल्या."

म्हणजे डॉक्टर गोळी वाढवायचा आणि प्रसादाची पंगत वाढायची. मी कपाळावर हात मारून घेतला. हसावं की रडावं कळेना, म्हणून सवयीप्रमाणे ओरडले. आजी शांतपणे ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तुमाले चकरा येऊन राह्यल्या का बाई? बसा उलशाक."

परत येऊन मी अध्यक्षांना सांगितलं. ते आधी पोट धरून हसले. मग त्यांना आठवलं की त्यांच्या घरीही आई तेच करते आहे, आणि हसू बंद झालं. पुढच्या शनिवारी आरतीनंतर त्यांनी माइक हातात घेतला आणि जाहीर केलं की दवाखान्यातली गोळी हा प्रसाद नाही.

सभामंडपात कुजबुज सुरू झाली. एक म्हातारे उठून उभे राहिले. "काऊन बे? देवाच्या पायापाशी ठेवते का नाई?"

"ठेवतो."

"नारळ फोडते का नाई?"

"फोडतो."

"मंग परसाद नाई तं काय हाये थे?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी मला शिकवलेलं काही आठवतं का ते पाहिलं, पण फार्मसीच्या कॉलेजात हा प्रश्न कधी आला नव्हता. कमिटीने ठरवलं की पुढचं खोकं देवापुढे न ठेवता थेट कपाटात जाईल. गेलं. त्या शनिवारी रांगेत निम्मी माणसं. आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी गोळ्या हातात घेऊन वास घेतला आणि परत केल्या. शेंदराचा वास नाही म्हणजे गोळीत दम नाही. एका बाईने तर मला समजावलं की मी नवीन आहे, म्हणून मला माहीत नसेल.

मी चिडून राजीनामा द्यायला निघाले. अध्यक्षांनी मला लिंबाखाली बसवलं, पाणी दिलं, आणि बराच वेळ डोक्यावरची टोपी मागेपुढे करत राहिले. मग एकदम उठले आणि माइककडे गेले. मी डोळे मिटून घेतले.

"मंडळी," ते म्हणाले, "माह्या सांगन्यात चूक झाली. गोळी परसाद नाई, गोळी हे वरत हाये. परसाद वाटून खा लागते. वरत ज्याचं त्याचं. आपली बायको उपाशी राह्यली तं आपल्याले पुन्य भेटते का? डॉक्टरनं ज्याले वरत सांगतलं त्यानंच थे करा लागते. दुसऱ्यानं खाल्लं तं वरत मोडलं, अन् मारुतीचा कोप दोघावर."

मग त्या म्हाताऱ्यांनी मान हलवली. "आता कसं बरोबर बोलला."

खोकी पुन्हा देवाच्या पायाशी जाऊ लागली, रांग पूर्ववत झाली, आणि आळीतली चकरांची साथ बंद पडली. एका आजोबांनी काही शनिवार गोळी घेऊन बीपी उतरल्यावर व्रताचं थाटात उद्यापन केलं आणि गोळी सोडली. उद्यापनाला मलाही जेवायला बोलावलं. मी पुरणपोळी हातात घेतल्यावर मला कळलं की जेवण कशाचं आहे. तेव्हा अध्यक्षांना पुन्हा माइक घ्यावा लागला, की या व्रताला उद्यापन नसतं. एवढं सोडलं तर सगळं सुरळीत झालं. मला त्या माणसाचा मनापासून आदर वाटला, आणि मी तो त्यांना बोलूनही दाखवला. त्यांना तो जरा जास्तच आवडला.

फक्त आजीचा बीपी उतरला नाही.

डॉक्टरने पुन्हा यंत्र झटकलं. आजीने पुन्हा शपथेवर सांगितलं की आता वाटी बंद, सून खात नाही, शेजारीण खात नाही. सुनेने बाजूला येऊन तेच सांगितलं. डॉक्टर म्हणाला, "मॅडम, आता मात्र बुलढाण्याला मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल." आजी म्हणाली, "मी नाई जात. घरी बुढ्याले कोन पाह्यते?" आणि जाताना उंबऱ्यापाशी तिचा तोल गेला. खांब धरून ती उभी राहिली, पदर सारखा केला आणि काही झालंच नाही असं दाखवत निघून गेली.

मी त्याच दुपारी तिच्या घरी गेले. ती ओट्यावर एकटीच होती. मी या वेळी ओरडले नाही. तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "आजी, तुमचं व्रत कोण करतंय?"

तिने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "बुढा."

तिच्या नवऱ्याला, म्हणजे बाबांना, मी कधी पाहिलं नव्हतं, त्याचं कारण त्या दिवशी कळलं. गावच्या मारुतीच्या भंडाऱ्यात रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजायचे ते त्यांनीच. गोवऱ्यांच्या आरात रोडगे कधी टाकायचे आणि कधी काढायचे, हे त्यांच्याएवढं कुणाला कळत नसे, असं ती सांगत होती. आणि एका वर्षी अध्यक्षांनी भर पंगतीत माइकवरून सांगितलं की यंदा रोडगे आतून कच्चे राहिलेत, भक्तांनी सांभाळून घ्यावं. बाबा हातातला चिमटा तिथेच टाकून घरी आले. तेव्हापासून देवळाची पायरी बंद. भांडण कमिटीशी, मारुतीशी नाही. घरी आलेला प्रसाद ते डोक्याला लावून खातात.

"त्यायचं डोकं ठनकते, नाकातून रगत येते," आजी म्हणाली. "तालुक्याच्या डॉक्टरनं सांगतलं का गोळी लागते. यायनं पाकीट फेकून देल्लं. म्हनते, येकदा गोळी सुरू झाली का मरेलोक सुटत नाई. अन् तुमच्या दवाखान्यात येनार नाईत, थो देवळात हाये. पन परसादाले त्यायले नाई म्हनता येत नाई. मंग मी वाटीत घालून देतो, सकाळी सकाळी."

"ते अध्यक्षांनी माइकवर एवढं सांगितलं, व्रत ज्याचं त्याचं..."

"थे मले समजलं बाई. म्हनून तं बाकीच्याइचं बंद केलं. आता सगळ्या गोळ्या त्यायलेच देतो. पुऱ्या."

"आणि तुम्ही?"

"मी उभी हावो न अजून."

तिने माझा हात धरला. "त्यायले सांगू नका. औषध हाये हे समजलं तं खानं सोडतीन."

बाबा मागच्या अंगणात बाजेवर बसून लसूण सोलत होते. उंच, हाडकुळे, मिशा पांढऱ्याशुभ्र. माझ्या पिशवीत बीपीचं यंत्र होतं. मी तपासू का म्हटलं तर नाराजीने हात पुढे केला, बहुतेक पाहुणीला नाही कसं म्हणायचं म्हणून. मी पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. पुन्हा एकदा भरून पाहिली.

त्यांचा बीपी उत्तम होता. इतका उत्तम, की पुस्तकात छापावा. माझ्या गोळ्या खऱ्या होत्या, खामगावचा दुकानदार खरा होता, सगळं जिथे पोचायला नको तिथे चोख पोचत होतं. मला रडू आलं, आणि मला रडू आलं की राग येतो.

"काय झालं?" बाबा म्हणाले. "खराब हाये का?"

"नाही. छान आहे. तुमच्या बायकोचा खराब आहे." आणि मग मला आवरलंच नाही. आजी दारात उभी राहून मानेने नको नको म्हणत होती, तरी मी सांगितलं. की रोज सकाळी वाटीत येतो तो प्रसाद नाही, तिची गोळी आहे. की डॉक्टरला भीती आहे, ती एक दिवस अशीच चुलीपुढे पडेल आणि मग तिचं तोंड सरळ होणार नाही.

बाबांनी हातातली पाकळी सोलून पूर्ण केली. ती परडीत टाकली. मग विचारलं, "मंग थे सोता काय खाते?"

"काही नाही."

त्यांनी दुसरी पाकळी उचलली. आजीकडे पाहिलंही नाही. मी थोडा वेळ थांबले आणि उठले. रस्त्याने येताना मला वाटत होतं, माझ्या जिभेने आता दोघांच्याही गोळ्या बंद केल्या.

पुढच्या शनिवारी रांग नेहमीसारखीच होती. आजी पहिली. मी तिला काही विचारण्याआधी सभामंडपातलं बोलणं एकदम थांबलं. मी मान वर केली. बाबा देवळाच्या पायरीवर उभे होते, धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. एक क्षण तिथे थांबले, मग चपला काढल्या आणि आत आले. अध्यक्षांचा हात आपोआप माइककडे गेला.

"ठेव थो खाली," बाबा म्हणाले. "मी तुह्यासाठी नाई आलो."

अध्यक्षांनी माइक खाली ठेवला. मी त्यांना असं करताना पहिल्यांदाच पाहत होते.

बाबा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. लोकांनी पुढे जा म्हटलं, ते हलले नाहीत. आजी मात्र सगळा वेळ माझ्या टेबलाशेजारी भिंतीला टेकून, पदर तोंडावर ओढून उभी. नंबर आला तेव्हा डॉक्टरकडे जाऊन, चिठ्ठी घेऊन ते माझ्यासमोर आले. "माह्या नावाची येगळी दे," म्हणाले.

मी त्यांची गोळी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती मुठीत धरली आणि दुसरा हात तसाच पुढे ठेवला. "अन् तिची."

आजीची गोळी घेऊन ते तिच्याकडे वळले. "खा."

"घरी खातो न. लोक पाहून राह्यले."

"पाहू दे."

आजीने गोळी घेतली, डोक्याला लावली आणि पाण्याशिवाय गिळली. बाबांनी तिला सगळ्या गावासमोर तोंड उघडायला लावलं, वाकून आत पाहिलं, जीभ वर करायला सांगून तिच्याखालीही पाहिलं, आणि मग आपली गोळी तोंडात टाकली.